टीव्हीवरचा जुना सिनेमा: बघण्याआधी, बघताना आणि चर्चेला बसताना

कोकणातल्या बऱ्याच वाड्यांत, वाचनालयांत आणि मंडळांत जुने सिनेमे आणि माहितीपट टीव्हीवर बघून त्यावर बोलायला माणसं जमतात. हौस भरपूर असते, पण चर्चा फसते, आणि ती ठरावीक जागीच फसते. निम्म्यांनी हिंदी आवृत्ती बघितलेली असते, निम्म्यांनी मराठी. कोणाच्या टीव्हीवर सगळी पात्रं जाडी दिसत होती. वाहिनीने मधला भाग कापला हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, म्हणून ‘कथेत दुवा तुटतो’ असा दोष दिग्दर्शकाच्या माथी गेला. त्यात वाडीतले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ पहिल्याच मिनिटाला निकाल देतात आणि बाकीचे मान डोलावून घरी जातात.

क्रम पाळला तर हे सगळं टाळता येतं. आपल्यासमोर नक्की काय दाखवलं गेलं हे आधी पक्कं करायचं, मग काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते सांगायचं, आणि मत सगळ्यांत शेवटी मांडायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

टप्पा १: सिनेमा नक्की कोणता, ते पक्कं करा

वाहिनीच्या कार्यक्रम-यादीत फक्त नाव असतं, आणि नावावर विसंबणं ही पहिली चूक. ‘श्यामची आई’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आचार्य अत्रे यांचा १९५३चा सिनेमा येतो, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, वनमाला आणि माधव वझे यांचा. पण त्याच नावाचा सिनेमा २०२३मध्येही आला आणि तोही कृष्णधवल आहे. यादीतलं छोटं चित्र बघून दोन्हींत फरक कळेलच असं नाही. दापोली-पालगडच्या बाजूला साने गुरुजींचं नाव निघालं की लोक आपसूक जमतात, त्यामुळे तिथे ही तपासणी जास्तच हवी.

प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांबाबत वेगळा घोटाळा होतो. त्यांचे अनेक सिनेमे मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाले: ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१). हे डबिंग नाही. प्रसंग पुन्हा उभे करून चित्रित केलेले आहेत आणि काही ठिकाणी नटही बदलले आहेत. ‘शेजारी’मध्ये केशवराव दाते आहेत, तर ‘पडोसी’मध्ये त्या भूमिकेत मजहर खान. एकाने हिंदी बघितला आणि दुसऱ्याने मराठी, तर अभिनयावरचा वाद दोन वेगळ्या माणसांबद्दल चाललेला असतो.

तिसरी गोष्ट रंग दिलेल्या आवृत्त्यांची. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) पुढे २००४मध्ये पूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ सिनेमातला काही भागच रंगीत होता. रंगीत आवृत्ती बघून छायाप्रकाशावर बोलायला बसलात तर छायाचित्रकाराने न केलेल्या कामावर बोलाल.

*तपासणी:* निमंत्रणाच्या निरोपात नाव, वर्ष, भाषा आणि दिग्दर्शक या चारही गोष्टी लिहा. एक जरी माहीत नसेल तर आधी ती शोधा, मग निरोप पाठवा.

टप्पा २: वेळेचं गणित मांडा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढचे निम्मे वाद त्यातूनच उभे राहतात. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसलं की काम होतं.

सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. जुन्या प्रमाणपत्रावर सिनेमाची लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये असते, शिवाय रिळांची संख्या असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर १२,००० फूट दिसलं तर भागिले ९०, म्हणजे सुमारे १३३ मिनिटं. ४,००० मीटर दिसलं तर जवळपास १४६ मिनिटं. हा आकडा पडद्यावर काही क्षणच टिकतो, म्हणून एकाला फक्त तेवढंच काम द्या: मोबाइल हातात तयार ठेवायचा आणि प्रमाणपत्राचा फोटो काढायचा. प्रमाणपत्रावरची तारीख मात्र प्रदर्शनाचं वर्ष समजू नका. जुन्या सिनेमांना नव्याने प्रमाणपत्र घेतलेलं असू शकतं.

आता जाहिराती. आपल्याकडच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती चालतात. वाहिनी तेवढ्या पुरेपूर दाखवत असेल तर तासात ४८ मिनिटं सिनेमा उरतो. समजा सिनेमा १३० मिनिटांचा आहे. तो पूर्ण दाखवायला १६२ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. यादीत त्याला अडीच तासच दिले असतील तर सिनेमासाठी १२० मिनिटं उरतात.

लगेच ‘दहा मिनिटं कापली’ असं म्हणू नका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत तो बहुधा २५ने चालवला जातो. त्यामुळे काहीही न कापता तासामागे जवळपास अडीच मिनिटं कमी होतात आणि १३० मिनिटांचा सिनेमा १२५ मिनिटांत संपतो. म्हणजे वरच्या उदाहरणात खरी काटछाट पाचेक मिनिटांची. आवाजही त्यामुळे किंचित चढा लागतो. ओळखीच्या गायिकेचा सूर टीव्हीवर थोडा वर वाटला तर कारण हे असू शकतं.

पाच मिनिटांत काय जातं? बहुतेकदा एखादं गाणं. ‘जैत रे जैत’सारख्या (१९७७) सिनेमात हे फार महागात पडतं, कारण तिथे ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत कथा पुढे नेत असतं. त्यातलं गाणं गेलं की कथेतला तुकडाच जातो.

*सूचना:* सिनेमा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, शिवाय प्रत्येक जाहिरात-खंडाची लांबी लिहून ठेवा. अंदाजाने सांगितलेल्या वेळा चर्चेत उपयोगी पडत नाहीत.

टप्पा ३: छत्री, वायर आणि वीज

गावोगाव डीडी फ्री डिश आहे. दरमहा पैसे भरावे लागत नाहीत आणि सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या मिळतात, त्यामुळे आपल्या कामाला ती पुरते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं आणि उपग्रह आकाशात क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असतो. आग्नेयेच्या बाजूला माड किंवा आंब्याची फांदी वाढली की वारा सुटल्यावर चित्र तुटायला लागतं. अशा वेळी बॉक्स बदलू नका, आधी फांदी बघा.

खाऱ्या वाऱ्याने छत्रीच्या पुढच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) जोडलेली वायरची पिन गंजते, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत हे नेहमीचं आहे. चित्र कोरड्या दिवशीही फुटत असेल तर पिन काढून बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर वायरचं टोक कापून नवी पिन लावा आणि जोडावर पाणी न शिरणारी टेप घट्ट गुंडाळा. हे काम पावसाळ्याआधी, मेच्या सुरुवातीला उरकावं.

जून ते सप्टेंबर या काळात कितीही तयारी केली तरी मुसळधार सरीत सिग्नल जातोच. पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषतात. आधी चित्राचे चौकोन होतात, मग पडदा काळा पडतो. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. रिमोट घेऊन वाहिन्या पुन्हा शोधायला लावू नका. सिग्नल नसताना शोध घेतला की साठवलेली यादी पुसली जाण्याची भीती असते, आणि मग उरलेला सिनेमाही हातचा जातो.

विजेसाठी इन्व्हर्टर असेल तर त्यावर टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि एक पंखा एवढंच ठेवा. वीज गेली की टीव्हीसोबत बॉक्सही बंद होतो हे बरेच जण विसरतात. टीव्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर, बॉक्स साध्या सॉकेटवर, अशी जोडणी घरोघर दिसते. आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून दोन्ही चालू राहतात का ते बघून घ्या.

*धोका:* मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात. गडगडाट ऐकू आला की टीव्हीचा प्लग काढा आणि छत्रीची वायर बॉक्समधून सोडवा. सिनेमा कितीही रंगात आलेला असो, ही सूचना मोडायची नाही.

टप्पा ४: पडद्याचा आकार आणि चित्राची सेटिंग

जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, चारास तीन या प्रमाणातला. आपला टीव्ही सोळास नऊ. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा ‘कागज के फूल’ १९५९चा. त्याआधीचा कोणताही भारतीय सिनेमा तुमच्या टीव्हीचा पडदा डावीकडून उजवीकडे पूर्ण भरत असेल तर काहीतरी चुकलं आहे.

चूक दोन प्रकारची असते. एकात चित्र आडवं ताणलेलं असतं, रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि सडपातळ नटी थोराड दिसते. दुसऱ्यात चित्र मोठं करून वर-खाली कापलेलं असतं, उंचीचा पाव भाग जातो आणि फेटे, कपाळं, नाचणाऱ्यांचे पाय गायब होतात. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती चटकन लक्षात येत नाही.

ओळखण्यासाठी गोल वस्तू शोधा. घड्याळाची तबकडी, बैलगाडीचं चाक, जेवणाचं ताट, असं काहीही सरळ समोरून दिसलं की थांबून बघा. ती गोल दिसते की लंबगोल? लंबगोल दिसली तर टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटण शोधून ४:३ निवडा. कधी बॉक्सच चित्र ताणून पाठवतो, तेव्हा बॉक्सच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. वाहिनीनेच ताणलेलं चित्र पाठवलं असेल तरीही टीव्हीवर ४:३ केल्याने ते पुन्हा आवळून ठीक होतं. वाहिनीने वर-खाली कापून पाठवलं असेल तर मात्र इलाज नाही. तशी नोंद करा आणि त्या दिवशी चौकटीच्या रचनेवर बोलू नका.

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या की घरातलं कोणीतरी ‘पडदा वाया जातोय’ म्हणून झूम करतंच. सुरुवातीलाच सांगून ठेवा की पट्ट्या असायलाच हव्यात.

बाकी सेटिंग पटकन: भडक रंगांचा मोड बंद करून सिनेमाचा मोड घ्या, शार्पनेस खाली आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. आवाजातले घुमणारे इफेक्ट काढा. जुन्या ध्वनिपट्टीत संवाद आधीच दबलेले असतात, इफेक्टने ते आणखी बुडतात. रंगाचं बटण शून्यावर आणलं तर कृष्णधवल चित्रावरची हिरवट-निळसर झाकही जाते.

*तपासणी:* हे सगळं सिनेमा सुरू होण्याआधी, त्याच वाहिनीवर चालू असलेल्या कार्यक्रमावर करून बघा. सिनेमा सुरू झाल्यावर रिमोट कोणाच्याही हातात नको.

टप्पा ५: एकत्र बघायचं की आपापल्या घरी

कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या. रात्री साडेनऊचा सिनेमा बाराला संपला तर उतारावरून, व्हाळ (ओढा) ओलांडून घरी कोण जाणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रात्री उशिराचा सिनेमा आपापल्या घरी बघावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका पडवीत बसून चर्चा करावी. दुपारचा सिनेमा असेल तर एकत्र बघावा.

एकत्र बघायचं तर दहा-बारा माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही आणि पुढच्यांना बोलायचं असतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पुढे बसवा, पण अगदी नाकासमोर नको. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीपेक्षा माजघर बरं, पत्र्यावरच्या सरीखाली एकही संवाद कळत नाही.

तारीख धरताना गावची जत्रा, दशावतार, शिमग्याचे दिवस आणि गणपती टाळा. उलट १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बंदराकडची मंडळी घरी असतात, तेव्हा त्यांना जरूर बोलवा. समुद्रावरचा माहितीपट असेल तर त्यांच्याशिवाय बसूच नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. चहा आणि खाणं सिनेमाच्या मध्ये ठेवलं की घरातल्या बायका शेवटचा अर्धा भाग चुलीपुढे काढतात आणि चर्चेत ‘आमी खंय बघलो’ म्हणून गप्प बसतात. चहा सिनेमा संपल्यावर ठेवा आणि तो पुरुषांनी करावा. चणे-शेंगदाणे आधीच वाट्यांत भरून ठेवावेत.

*धोका:* प्रवेशाचे पैसे घेऊ नका. कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपणाचा हक्क वेगळा राखलेला आहे आणि पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हे त्याचं उल्लंघन ठरतं. चहापाण्याची वर्गणीसुद्धा दाराशी गोळा करू नका. रेकॉर्डिंग केलंत तर ते घरापुरतं ठेवा, मंडळात लावू नका.

टप्पा ६: बघताना काय टिपायचं

प्रत्येकाजवळ एक कागद असावा. सिनेमाभर लिहीत बसायचं नाही. तीनच गोष्टी टिपायच्या: डोळ्यांत राहिलेलं एक दृश्य, कानात राहिलेला एक आवाज आणि न कळलेली एक जागा. प्रत्येकासमोर घड्याळातली वेळ लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे एकाच प्रसंगाबद्दल बोलतात.

आपापल्या घरी बघत असाल तर मोबाइलवर एकमेकांना निरोप पाठवू नका. केबल, फ्री डिश आणि इंटरनेट यांवर तेच प्रक्षेपण काही सेकंद मागेपुढे पोचतं. एकाचं ‘अरे बापरे!’ दुसऱ्याच्या घरी प्रसंग घडण्याआधीच जाऊन पोचतं.

जाहिरातीत चर्चा सुरू होऊ देऊ नका. उठा, पाय मोकळे करा, पाणी प्या. मध्यंतराआधी ठरवलेलं मत मोडायला फार कष्ट पडतात.

टप्पा ७: चर्चा, पाच फेऱ्यांत

सूत्र एकाच्या हाती असावं. सूत्रधाराने स्वतःचं मत सांगायचं नाही, फक्त फेऱ्या पाळायच्या. पहिल्या फेरीची सुरुवात वयाने सगळ्यांत लहान असलेल्यापासून करा. निवृत्त गुरुजी किंवा मंडळाचे अध्यक्ष आधी बोलले की त्यांचा मान राखायला बाकीचे त्यांचीच री ओढतात. त्यांचा अवमान न करता हे साधता येतं: “आबा, तुमचं सगळ्यांत शेवटी ऐकायचंय, तोवर आम्हां पोरांचं ऐकून घ्या.” असं म्हटल्यावर नाही म्हणणारे आबा सापडणं कठीण.

उदाहरणासाठी ‘कुंकू’ घेऊ. व्ही. शांतारामांचा १९३७चा सिनेमा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीरेच्या भूमिकेत शांता आपटे, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते.

पहिली फेरी: काय दिसलं, काय ऐकू आलं. विशेषणं वापरायची नाहीत. ‘सुंदर’, ‘भावस्पर्शी’, ‘रटाळ’ हे शब्द या फेरीत बंद. ‘बरो होतो’ एवढ्यावरही कोणाला सोडू नका. भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पुन्हा येतं असं कोणी म्हणालं तर विचारा: कोणत्या प्रसंगात? तेव्हा खोलीत कोण होतं? टिकटिक ऐकू येत होती का? चार जणांनी चार प्रसंग सांगितले की ते घड्याळ त्या म्हाताऱ्या नवऱ्याशी बांधलेलं आहे हे कोणी न शिकवता समोर येतं. मग आवाजाकडे वळा. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या प्रसंगातलं. हे आधी सांगून टाकू नका. “नीरा एकटी बसलेली असताना मागे काय वाजत होतं?” एवढंच विचारा आणि थांबा. बहुतेक जण सवयीने व्हायोलिन म्हणतील. मग पुन्हा आठवायला लावा. काहीच वाजत नव्हतं हे ज्याचं त्याला उमगलं की तो पुढच्या सिनेमातही कान देऊन बसतो.

दुसरी फेरी: गोंधळ निस्तरणं. नाती, नावं, कोण कुठून आलं. न कळलेल्या जागा इथे मिटवायच्या. टप्पा २मधला हिशेब याच वेळी काढा. दुवा सापडत नसेल तर तो वाहिनीने कापला की मुळातच नाही, हे आता ठरवायचं. ही फेरी झटपट उरका.

तिसरी फेरी: कसं केलंय. कॅमेरा कुठे होता, कोणाच्या उंचीवर होता, दृश्य कधी तुटलं. तांत्रिक शब्द येत नसतील तर अडू नका. ‘आपण दारातून बघतोय असं वाटलं’ हे वाक्य पुरेसं आहे. इथे नटाची मागच्या-पुढच्या भूमिकांशी तुलना सुरू होते, ती सूत्रधाराने थोपवावी. आज जे बघितलं त्यावरच बोलायचं.

चौथी फेरी: तेव्हाचा काळ. यासाठी एकाने आधी वाचून यावं आणि पाच मिनिटांत सांगावं. ‘कुंकू’साठी काय लागेल? बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९चा, मुलीचं किमान वय चौदा ठरवणारा. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या मुलीच्या लग्नावरचं देवलांचं नाटक ‘संगीत शारदा’ त्याच्या तीस वर्षं आधीचं, १८९९चं. सिनेमात सुशिक्षित मुलीची भूमिका करणाऱ्या शकुंतला परांजपे प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करणाऱ्या होत्या. आणि धोंडो केशव कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे, त्यांनी विधवेशी विवाह केला १८९३मध्ये. एवढं समोर ठेवलं की ‘त्या काळी असं कुठे चालायचं?’ हा आक्षेप आपोआप बाजूला पडतो. आजच्या नजरेने तेव्हाच्या माणसांना झोडपणंही थांबतं. अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरेच्या तोंडी गाणं म्हणून का दिली असेल, हा प्रश्नही याच फेरीत विचारा. त्यावर भरपूर बोलता येतं.

पाचवी फेरी: मत आणि आठवणी. आता आबांची पाळी. पूर्वी तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये कसा बघितला, कोण रडलं, कोणतं गाणं पाठ झालं, सगळं येऊ द्या. या आठवणी मोलाच्या असतात. त्या पहिल्या फेरीत आल्या असत्या तर सिनेमा बाजूला पडून नुसता जुना काळ उरला असता. आवडला की नाही आवडला, हेही आताच. ‘नाही आवडला’ म्हणणाऱ्याला कारण विचारा आणि आवडला म्हणणाऱ्यालाही तेवढंच काटेकोर कारण विचारा. सहसा दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

*सूचना:* पाचही फेऱ्यांना मिळून दीड तास पुरतो. वेळ कमी असेल तर चौथी फेरी आखडा, पहिली कधीही नको.

टप्पा ८: माहितीपट असेल तर काय बदलतं

माहितीपटाला लोक बातमी समजतात आणि चर्चा विषयावर घसरते. शेतीवरचा माहितीपट बघून खताच्या भावावर तासभर बोलणं होतं आणि माहितीपट तसाच राहतो. म्हणून पहिल्या फेरीआधी तीन प्रश्न जोडा: हा कोणी काढला, निवेदन कोणाचं आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना बोलायला किती वेळ मिळाला?

१९४८मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे छोटे माहितीपट एकेकाळी थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवत. ते सरकारी होते, म्हणून सगळे प्रचारकी, असं धरून चालणं चूक. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अॅम ट्वेंटी’ (१९६७) घ्या. १९४७मध्ये जन्मलेल्या तरुणांना देशाबद्दल विचारलेलं आहे आणि उत्तरं एकसुरी नाहीत, त्यांत आशाही आहे आणि राग, कंटाळाही. फली बिलिमोरिया यांच्या ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ला तर ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

माहितीपटासाठी एक युक्ती हमखास उपयोगी पडते. घरी रेकॉर्ड केलेला असेल तर त्यातली दोन मिनिटं आवाज बंद करून पुन्हा बघा आणि फक्त चित्रावरून काय कळतं ते लिहा. मग तीच दोन मिनिटं आवाजासह बघा. निवेदक जे सांगतो ते चित्रात आहे का, की चित्र वेगळंच काही दाखवतंय? हा फरक ज्याला एकदा दिसला त्याला पुढच्या प्रत्येक माहितीपटात तो दिसतो.

आपल्या भागावरचा माहितीपट असेल तर पहिल्या फेरीत ‘हे आमच्याकडचं नाही, आमच्याकडे असं नसतं’ हे सुरू होतं. त्या दुरुस्त्या महत्त्वाच्या असतात, कागदावर उतरवा, पण त्यावरचं बोलणं चौथ्या फेरीसाठी राखून ठेवा.

टप्पा ९: वही

मंडळाची एक जाड वही असावी. प्रत्येक सिनेमाला एक पान: तारीख, वाहिनी, सुरू आणि संपल्याची वेळ, प्रमाणपत्रावरची लांबी, भाषा, वर्ष, चित्राचा आकार ठीक होता की नाही, कापलेला भाग. त्याखाली पहिल्या फेरीत प्रत्येकाने सांगितलेलं दृश्य, ज्याच्या त्याच्या शब्दांत. कोणी मालवणीत सांगितलं तर मालवणीतच लिहा.

तोच सिनेमा वर्षभराने दुसऱ्या वाहिनीवर लागला की पान काढून वेळा ताडून बघा. पाच-सात मिनिटं जास्त मिळत असतील तर तो पुन्हा बघण्यासारखा आहे आणि आधीच्या चर्चेतले काही दोष मागे घ्यावे लागतील.

पाऊस, वीजकपात किंवा ऐनवेळी बदललेला कार्यक्रम यांमुळे सिनेमा अर्धवट राहिला तर चर्चा घेऊ नका. शेवट कोणीतरी तोंडी सांगतो आणि त्यावर मतं दिली जातात, हे टाळा. पानावर कुठपर्यंत बघितला ती वेळ लिहा आणि पुन्हा लागेल तेव्हा पहिल्यापासून बसा. तोवर त्या संध्याकाळी जमलेल्यांसाठी एखादा छोटा माहितीपट तयार असू द्या. तो आधी कोणीतरी पूर्ण बघितलेला असावा, आणि त्याचं वर्ष, लांबी आणि निवेदकाचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असावं.